दारातलं स्टूल

"गुरुजी कायम दारातच का बसायचे? नम्रता म्हणून, की पोरांनी फार भंडावलं तर सगळ्यांत आधी सटकता यावं म्हणून?"

चिटणिसांच्या मुलीने प्रश्न विचारला आणि पंख्याची कुरकुर अचानक सगळ्यांना ऐकू यायला लागली. प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत लांबलचक टेबलाभोवती स्मरणसभेची समिती बसली होती. गुरुजींना जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. निवृत्त हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, जणू प्रश्न त्यांना नीट दिसला नव्हता. भिंतीशी बसलेल्या तिच्या तिघी मैत्रिणींनी वह्यांमागे तोंडं लपवली. पैज त्यांचीच होती. हा प्रश्न समितीपुढे विचारून दाखवायचा, नाहीतर महिनाभर तिघींची दप्तरं उचलायची.

दप्तर उचलण्यापेक्षा तोंड उघडणं तिला केव्हाही सोपं. शाळेत तिला सगळे भोंगा म्हणायचे आणि तिला ते मनापासून आवडायचं, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिचं नाव मुकी होतं. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. मग एका वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी दुसरीच कोणी आजारी पडली, बाईंनी हिला पुढे ढकललं, आणि बाटलीचं बूच उडावं तसं जे सुरू झालं ते अजून थांबायचं होतं. म्हणूनच तर रविवारचं मुख्य भाषण तिच्याकडे होतं. अकरा पानं लिहून तयार होती.

"अगं, काय हे," तिचे बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. ते सुतार होते आणि समितीचे चिटणीसही. गुरुजींचं ते प्रसिद्ध स्टूल त्यांच्याच कारखान्यात होतं. त्याला नवं पॉलिश चढत होतं, पितळेची पट्टी तयार होती, पट्टीवर 'नम्रतेचे आसन' अशी अक्षरं कोरलेली होती. रविवारी ते दारात, फरशीला स्क्रूने पक्कं बसवायचं ठरलं होतं.

हसल्या फक्त काकू. काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी.

"चांगला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "वर्षभर सगळे त्या स्टुलाबद्दल बोलतायत, पण विचारलं कोणीच नाही. आणि कायम नाही गं. शेवटची तीन वर्षं फक्त. त्याआधी ते पोरांच्या घोळक्यात खालीच बसायचे."

"मग दारात का गेले?"

"वहीत तक्रार आली होती."

वही सगळ्यांना माहीत होती. प्रार्थनागृहाच्या दाराजवळ खिळ्याला एक वही टांगलेली असायची, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. गुरुजींचं काय चुकतं ते कोणीही त्यात लिहायचं. नाव घालायचं नाही. दर रविवारी गुरुजी वर्गापुढे ती उघडायचे, आठवड्याच्या तक्रारी मोठ्यांदा वाचायचे आणि निकालही स्वतःच द्यायचे. बरोबर. अर्धं बरोबर. बघतो. दुसऱ्यांना धर्म शिकवणाऱ्याने आधी स्वतःची हजेरी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

"'गुरुजींच्या अंगाला वास येतो, त्यांना दारात बसवा,'" काकूंनी सांगितलं. "हीच तक्रार. यांनी वाचली, 'बरोबर' म्हणाले आणि कोपऱ्यातलं स्टूल उचलून दारात जाऊन बसले. मी म्हटलं, अहो, साबण बदला. तर म्हणाले, साबणाचा प्रश्न नाही, निकाल दिलाय. थंडीत दारातला वारा लागून खोकायचे, पण जागा सोडली नाही."

खोलीत एकच गलका झाला. वास येणारच होता. गुरुजी रविवारी सकाळी धर्म शिकवायचे आणि बाकीचे सहा दिवस गटारांच्या तोंडाशी उभे असायचे. चेंबरमध्ये माणसं उतरवायला बंदी होती, पण ती कागदावर. ठेकेदार उतरवायचेच. म्हणून गुरुजी कामगारांबरोबर निघायचे, उघड्या झाकणाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, मशीन आणा, नाहीतर आधी मला दोर बांधा. दोनदा ठेकेदाराने खरंच दोर बांधला, आणि दोनदा गुरुजी खरंच उतरले. त्यानंतर मशीन यायला लागलं. प्रार्थना वरच्याच दिशेला जाते असं तुम्हाला कोणी सांगितलं, असं ते मुलांना विचारायचे.

"अशा माणसाला असं लिहिणारा हात कोणाचा, ते कळलं पाहिजे," बाबा टेबलावर बोट आपटत म्हणाले. "घरात काही वळण असतं की नाही माणसांना?"

सगळ्यांत जास्त तापली ती. भाषणाला आता कुठे धार येणार होती. बाराव्या पानावर काय लिहायचं ते तिला तिथल्या तिथे सुचलं: ज्याने ते वाक्य लिहिलं तो आज या सभेत असेल, तर त्याने एकदा मान खाली घालावी. मग दोन सेकंद थांबायचं. थांबण्याचे गुण वेगळे मिळतात, हे तिला स्पर्धांमुळे माहीत होतं.

"काकू, ती वही मिळेल? मला नेमके शब्द हवेत."

"ट्रंकेत आहेत सगळ्या. मी कधी उघडल्या नाहीत. ये उद्या."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती काकूंच्या घरी फरशीवर मांडी घालून बसली. ट्रंकेत सोळा वह्या होत्या. शेजारच्या खोलीत काकू शिवणयंत्र चालवत होत्या. चार वर्षांपूर्वीची वही तिला लवकर सापडली, आणि आधी तर तिला हसूच आवरेना. 'गुरुजी प्रार्थना लांबवतात, पोटात कावळे ओरडतात.' बाजूला लाल शाईत गुरुजींचं अक्षर: बरोबर, दोन मिनिटं कमी करतो. 'गुरुजी फळा पुसून हात पँटला पुसतात.' बरोबर. 'गुरुजींना गाता येत नाही तरी गातात.' बरोबर, पण गाणार.

ती पानं उलटत गेली. मग एक पान आलं आणि तिचं हसू तोंडातच राहिलं.

'चेंबरवाल्याच्या मुलीच्या अंगाला वास येतो, वर्गभर दरवळते, तिला दारात बसवा'

वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. त्या जागी पाच पाकळ्यांचं एक छोटं फूल होतं.

सहावीत असताना ती पूर्णविरामाच्या जागी फूल काढायची. सगळ्या वह्यांत. विज्ञानाच्या बाई त्यावरून दोनदा रागावल्या होत्या. जगात आणखी कोणी तरी फुलं काढत असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग शब्दाकडे बघितलं. दरवळते. बारा वर्षांच्या पोरीला हा शब्द कुठून मिळणार? तो तिला जेवणाच्या टेबलावर मिळाला होता. बाबा म्हणाले होते, गुरुजी ठीक आहेत, पण त्या चेंबरवाल्याची पोर वर्गभर दरवळते, तिला निदान दारात तरी बसवा. आई हसली होती. "हळू, पोरीसमोर," असं म्हणाली होती, पण हसली होती. मुकीला तो घरातला सगळ्यांत भारी विनोद वाटला होता. इतका, की रविवारी वर्गातून निघताना दोऱ्याची पेन्सिल हातात घेऊन तिने तो उतरवून काढला. आपणही काही तरी गमतीदार म्हणू शकतो, एवढंच तेव्हा तिला वाटलं होतं.

पुढच्याच रविवारी तिला कांजिण्या झाल्या. तीन आठवडे ती घरी होती. परत आली तेव्हा गुरुजी दारात स्टुलावर होते. तिला वाटलं, उकडत असेल. विचारायची जीभ तेव्हा नव्हती. वाक्य ती विसरून गेली. माणूस खाल्लेला घास विसरतो, तितक्या सहज.

त्या तक्रारीपुढे लाल शाईत 'बरोबर' नव्हतं. काहीच नव्हतं. खाली मात्र पुढच्या रविवारची तारीख होती आणि गुरुजींच्या स्वतःच्या अक्षरात, दुसऱ्या कोणी तक्रार करावी तशी, एक ओळ:

'गुरुजींनी आज वहीत नव्हतं ते वाचून दाखवलं.'

आणि त्या ओळीपुढे लाल शाईत: बरोबर.

पुढची चाळीसेक पानं कोरी होती. त्यांनी ती वही तिथेच बंद करून ट्रंकेत टाकली होती. कोणाच्या हाती लागू नये म्हणून.

हजार माणसांपुढे न घाबरणारी ती, त्या रिकाम्या खोलीत कोणी बघत तर नाही ना म्हणून दाराकडे बघत होती. शिवणयंत्र थांबलं.

"सापडलं का गं?" काकूंनी विचारलं.

"शोधतेय," ती म्हणाली. तोंडातून पहिलं निघालं ते खोटंच. मग तिने वही दप्तरात घातली, घरी नेऊन वाचते म्हणून सांगितलं, आणि काकूंनी दिलेलं पाणी तसंच ठेवून निघाली.

चेंबरवाल्याच्या मुलीला सगळे शिट्टी म्हणायचे. खाली उतरलेला माणूस वरच्याला शिट्टीने खुणा करतो, एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. वडिलांकडून ती शिकली होती आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की कुत्री थांबायची. आता ती शाळेनंतर चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. शनिवारी दुपारी भोंगा तिथे पोचला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मशीनमधून सभेची पत्रकं एकेक करून बाहेर पडत होती. प्रत्येक पत्रकावर स्टुलाचं चित्र होतं.

"भाषणाच्या कॉप्या ना?" शिट्टीने हात पुढे केला. "किती?"

तिने भाषण दिलंच नाही. वही काढली, ते पान उघडलं आणि काउंटरवर ठेवलं. शिट्टीने वाचलं. वाचायला लागायला हवा त्यापेक्षा कमी वेळ लागला.

"हे मी लिहिलं होतं," ती म्हणाली.

"माहितीये."

"तुला कसं माहीत?"

"मी शेजारी होते. बसायच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरायच्या ना, त्या महिन्यात तुझ्याशेजारी माझी निघाली होती. निघताना रांगेत तुझ्या मागेच होते मी. तू लिहिताना कोपर आडवं धरलं होतंस. पण ते बाकीच्यांच्या बाजूला. माझ्या बाजूने सगळं उघडं."

मशीन पत्रकं ओकत राहिलं. शिट्टीने गठ्ठा उचलला, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या.

"पुढच्या रविवारी मी येणारच नव्हते. आई म्हणाली, जा, तुझं नाव निघालं तर उठून ये. म्हणून दाराशी बसले. त्यांनी वही उघडली तेव्हा मी चप्पल पायात सरकवूनच ठेवली होती. आणि त्यांनी स्वतःचं नाव घालून वाचलं. सगळी पोरं हसली. मी सगळ्यांत जोरात हसले. माझ्यावर नाही, त्यांच्यावर गेलं म्हणून. त्याची लाज मला अजून वाटते."

"तुला कशाला लाज?"

"का, सगळी तू एकटीच घेणारेस? थोडी ठेव की दुसऱ्यांना."

तिला हसावं की रडावं कळेना. "मी उद्या सगळं सांगणार आहे. सभेत. हे पान वाचून दाखवते, जसंच्या तसं. भाषण फाडून टाकते."

शिट्टीने गठ्ठा खाली ठेवला.

"वाच की. तू वाचशील, तुझा आवाज कापेल, तुला येतं ते सगळं. लोक म्हणतील, काय धीट पोरगी आहे, काय मन मोठं आहे. आणि मग सगळी सभा मागे वळून मला शोधेल. तू टाळ्या घेशील आणि मी तिसऱ्या रांगेत बसून दरवळत राहीन."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मुकी परत आली होती, आणि पहिल्यांदाच तिचं येणं बरोबर होतं.

"तीन वर्षं ते दारात बसले ते कशासाठी?" शिट्टी हळू आवाजात म्हणाली. "तू दोन मिनिटांत त्यांना उठवून मला तिथे बसवणार."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? भोंगा तू आहेस." मग तिने एक पत्रक उचलून त्यावरच्या चित्राकडे बघितलं. "आणि ते स्टूल फरशीला ठोकणार आहेत म्हणे. माझ्या वडिलांचे गुडघे गेलेत. प्रार्थनेला आले की ते त्याच्यावर बसतात. उद्यापासून काय, पट्टी वाचत उभं राहायचं?"

घरी जाताना तिने तीन वेळा रस्ता चुकवला, म्हणजे मुद्दाम लांबचा घेतला. तिच्या डोक्यात भाषणं तयार होत होती आणि प्रत्येक भाषणात ती स्वतःच छान दिसत होती. कबुलीतसुद्धा. आपल्याला वाईट वाटतंय, की आपण वाईट वाटणाऱ्यांपैकी आहोत याचं बरं वाटतंय, हे तिला ठरवता येईना, आणि याची लाज पहिल्या लाजेपेक्षा खोल होती.

कारखान्यात बाबा वाकून पितळेची पट्टी घासत होते. आई बाकावर बसून पाहुण्यांच्या खुर्च्यांवर लावायच्या नावांच्या चिठ्ठ्या कापत होती. भुश्याचा आणि पॉलिशचा वास भरून राहिला होता. मधोमध स्टूल, आरशासारखं चकचकीत.

"आलीस? म्हणून दाखव जरा ते शेवटचं," बाबा मान वर न करता म्हणाले. "तो मान खाली घालण्याचा भाग. हेडमास्तरांना सांगितला मी. म्हणाले, मुलगी नाव काढणार."

तिने वही त्यांच्यासमोर धरली. बाबांनी हात फडक्याला पुसले, चष्मा कपाळावरून खाली आणला, वाचलं. आईनेही उठून त्यांच्या खांद्यावरून वाचलं. त्या फुलापाशी आईची नजर थांबली. आईने ती फुलं किती तरी वह्यांत बघितली होती.

"हे तर वेगळंच आहे," बाबा म्हणाले. "काकू म्हणाल्या ते..."

"गुरुजींनी वाचताना बदललं होतं. खाली लिहिलंय बघा त्यांनी."

बाबांनी खालची ओळ वाचली. परत वरची वाचली. एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं, आणि ते बोट तिथून हलेना.

"लहान होतीस तू," शेवटी ते म्हणाले. "कळत नव्हतं तुला. वही काकूंनी उघडलेली नाही ना? मग ठेवून दे ट्रंकेत. उगाच वर्षश्राद्धाला... म्हणजे सभेच्या दिवशी हे कशाला?"

"शब्द तिचा नाहीये," आई म्हणाली.

"काय?"

"दरवळते. तिचा नाहीये तो. तुम्ही म्हणाला होतात, भाजी वाढून घेता घेता. आणि मी हसले होते." आईने हातातल्या चिठ्ठ्या नकळत चुरगळल्या होत्या. वरच्या चिठ्ठीवर 'मुख्य वक्ता' असं लिहिलेलं होतं.

घरातल्या वळणाबद्दल परवा बाबांनी टेबलावर बोट आपटलं होतं, ते तिघांनाही आठवलं असावं, कारण तिघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. बाबा मागे सरकले आणि बसायला जे मिळालं त्यावर बसले. मग कशावर बसलोय ते कळल्यावर चटका लागल्यासारखे उठले. पॉलिशवर त्यांच्या कपड्यांचा ठसा उमटला होता.

"काय करायचं म्हणतेस?" त्यांनी विचारलं. आवाज चिटणीसाचा नव्हता.

तिने भाषणाची अकरा पानं दप्तरातून काढली आणि भुश्याच्या पिंपात टाकली. तिने बोलायच्या आधी दोन सेकंद थांबून बघितलं, आणि या वेळी गुणांसाठी नाही.

"मी उद्या हे पान वाचणार नाही," ती म्हणाली. "गुरुजींनी वाचलं तेच वाक्य म्हणणार, त्यांचंच नाव घालून. आणि ते मी लिहिलं होतं एवढंच सांगून खाली उतरणार. थोडं खोटं आहे, पण तेवढं खोटं त्यांनी बोलून ठेवलंय, ते मोडायचा मला हक्क नाही. कुठे ऐकलं होतंस असं कोणी विचारलं तर मी घरी ऐकलं होतं म्हणून सांगेन, बाबा. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ती पट्टी लावू नका. आणि स्टुलाला स्क्रू मारायचे नाहीत, ते माणसांना बसायला लागतं."